बाळंतघरातली नाताळगाणी

तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे, आणि या रस्त्यावरून वर्षभर गाणी जातात. नवरात्रात भवानीची ज्योत घेऊन धावणारी पोरं जातात. कोजागिरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या माणसांची रांग दिवसरात्र तुटत नाही. लहानपणी हलगी, संबळ आणि आराध्यांची गाणी ऐकतच आम्ही झोपी जायचो. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी तुळजापूरहून सोलापूरकडे याच वाटेने जाते, तेव्हा दारात उभं राहून अभंग ऐकायला मिळतात. माझे कान या गाण्यांवर वाढले.

नाताळचं गाणं मात्र या रस्त्यावर मी कधी ऐकलं नव्हतं. ते मला मिरजेत भेटलं, १९८० नंतरच्या दिवसांत, नर्सिंग शिकायला गेले तेव्हा. मी ख्रिस्ती नाही. आमच्या देव्हाऱ्यात तुळजाभवानीचा टाक आहे आणि वडिलांची, आमच्या आबांची, पंढरीची वारी होती. तरी कोणी आवडती गाणी विचारली, की अभंगांच्या जोडीने मी नाताळची गाणी सांगते. ऐकणाऱ्याला नवल वाटतं, मला वाटत नाही. मी जन्मभर बाळंतपणं केली, आणि नाताळचं गाणं मुळात एका बाळंतपणाचं गाणं आहे. दिवस भरलेली बाई प्रवासात आहे, मुक्कामाला जागा मिळत नाही, आणि रात्री गोठ्यात मूल जन्मतं. ही गोष्ट मला कोणी फोडून सांगायची गरज पडली नाही. ती मी माझ्या नोकरीत पाहिली आहे.

मिरजेला जायचं म्हणजे तेव्हा लांबचा पल्ला होता. तामलवाडीहून एसटीने सोलापूर, तिथून रेल्वेने कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून पंढरपूरमार्गे छोटी गाडी. बार्शी लाइट रेल्वेच्या वेळची ती अडीच फुटी रुळांची वाट लातूरपासून थेट मिरजेपर्यंत जायची. गाडी इतकी सावकाश चालायची, की बाहेरच्या पिकातली ज्वारी निसवली की नाही तेही दिसायचं. आबा पोचवायला आले होते. पंढरपूरला उतरून त्यांनी मला विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं, आणि दुसऱ्या दिवशी मिशनच्या फाटकात सोडलं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभा केलेला हा दवाखाना. सगळी पंचक्रोशी त्याला नुसतं ‘मिशन’ म्हणते. घरून निघताना आई एवढंच म्हणाली होती, "शीक बाई, पण आपला देव सोडू नको." मी तिच्या हातावर हात ठेवला आणि निघाले.

मिरज हे गाण्याचं गाव. सतारमेकर गल्लीतून संध्याकाळी गेलं तर कुठे ना कुठे तंबोरा जुळत असायचा. डिसेंबर लागला की आमच्या हॉस्टेलवरही गाण्याची तालीम सुरू व्हायची. नगरकडच्या एक जुन्या सिस्टर गाणी शिकवायच्या, दवाखान्याच्या ऑफिसातले क्लार्क काका पेटीवर बसायचे, आणि त्यांचा मुलगा तबल्यावर. आम्हा मुलींत निम्म्या ख्रिस्ती, बाकीच्या मराठा, धनगर, लिंगायत, एक-दोघी मुसलमान. तालमीला यायची सक्ती नव्हती. तरी आम्ही सगळ्या जायचो, कारण दिवसभर ड्यूटीवर ओरडा खाल्ल्यावर तो तासभर कोणी रागवायचं नाही.

पहिलं गाणं शिकवलं ते ‘सायलेंट नाइट’, मराठीत. इंग्रजीतलं गाणं म्हणून मी जरा बिचकले होते. पण तबल्यावर दादरा सुरू झाला, धा धी ना, धा ती ना, आणि भीती गेली. सहा मात्रांचा तो झोका कोणत्या बाईला ओळखीचा नाही? लेकरू मांडीवर घेऊन डोलताना अंग आपोआप त्याच ठेक्यात हलतं. सिस्टरांनी त्या गाण्याची हकीकत सांगितली. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ नावाच्या नदीकाठच्या गावात २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण पाद्रीबाबाचे, चाल शेजारच्या गावातल्या फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची. साथीला एक गिटार, बस्स. एका खेड्यातल्या पाद्र्याने आणि मास्तराने केलेलं गाणं आज सुमारे तीनशे भाषांत म्हटलं जातं. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळात, समोरासमोरच्या खंदकांतल्या जर्मन आणि ब्रिटिश शिपायांनी काही ठिकाणी बंदुका खाली ठेवल्या आणि एकमेकांना गाणी ऐकवली, त्यांतही ते होतं. सिस्टर सांगत होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी येत होते. पेटी वाजवून प्रार्थना घेणारे, दर शनिवारी सकाळी नवी चाल बसवणारे. तसाच कोणी एक मास्तर असणार, असं वाटलं आणि ते गाणं माझं झालं.

२५ तारखेला पहाटे चारला आम्हाला उठवलं. पांढरे कडक गणवेश, हातात मेणबत्ती, मेण हातावर गळू नये म्हणून तिच्या खाली पुठ्ठ्याची चकती. वॉर्डांतले दिवे मंद केलेले. पुरुषांचा सर्जिकल, मग बायकांचा, मग मुलांचा असे वॉर्ड घेत आम्ही गात चाललो. पुरुषांच्या वॉर्डात एक जतकडचे म्हातारबाबा पाय प्लास्टरमध्ये टांगून पडले होते. ते लोखंडी कॉटच्या गजावर बोटांनी ताल धरत होते. मुलांच्या वॉर्डात दोघं-तिघं उठून बसले आणि मेणबत्तीकडेच बघत राहिले. बाळंतिणींचा वॉर्ड शेवटी होता. दारातच सिस्टरांनी हाताने खूण केली: आवाज अर्धा.

आत एक पहिलटकरीण रात्रभर कळा देत होती. घाबरून तिचा श्वास वरच्या वर चालला होता. मी तिच्या कॉटपाशी थांबले, मेणबत्ती दुसरीच्या हातात दिली आणि तिचा हात धरला. गाणं चालूच होतं. हळूहळू ती त्या सहा मात्रांवर श्वास सोडू लागली. तिला शब्द कळत होते की नाही, मला माहीत नाही. कोणीतरी जवळ आहे आणि ते घाईत नाही, एवढं तिला त्या आवाजातून कळलं. नर्सिंगच्या पुस्तकात पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० असावेत, असं आम्ही पाठ केलं होतं. आईच्या भीतीचं काय करायचं, ते मला त्या पहाटे कळलं.

दुसरं गाणं माझ्या मनात क्लार्क काकांशी जोडलेलं आहे. ‘जॉय टू द वर्ल्ड’ची मराठी ओळ शिकवण्याआधी त्यांनी पेटीवर नुसती बोटं फिरवली. वरच्या षड्जापासून सुरुवात केली आणि सा नि ध प म ग रे सा असे एकेक स्वर उतरत खालच्या षड्जावर आले. "झालं, पहिली ओळ आली तुम्हाला," ते म्हणाले. आम्ही चकित झालो. शुद्ध स्वरांचा नुसता अवरोह, लयीत बसवला की नाताळचं सगळ्यांत आनंदी गाणं होतं. शब्द मूळचे आयझॅक वॉट्स या इंग्रज कवीचे, १७१९ सालचे, जुन्या करारातल्या ९८ व्या स्तोत्रावरून सुचलेले. चाल बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत लोवेल मेसन यांनी बसवली. वॉट्स यांनी ते खास नाताळासाठी लिहिलंही नव्हतं, लोकांनी ते नाताळाला आणलं. काकांना कोणी शास्त्रीय शिकवलं नव्हतं. मिरजेत राहून कान तयार झालेला माणूस. पुढे माझ्या मुलीला पेटीवर पहिला अवरोह शिकवला तो मी याच गाण्यातून.

तिसरं गाणं पाळणा होता. तो ऐकला आणि मी सिस्टरांना थांबवून विचारलं, "ही चाल तर आमची आहे?" त्या हसल्या. "अगं, मग कोणाची असणार?" आमच्या घरी रामनवमीला दुपारी बारा वाजता आणि गोकुळाष्टमीला मध्यरात्री आई पाळण्याची दोरी हातात घेऊन गायची. बारशाला तर पाळणा हवाच. तीच चाल, तसेच कडव्यामागून कडवं दिवस मोजत जाणारे शब्द, फक्त बाळ बेथलेहेमचं. सिस्टरांनी सांगितलं, की मराठीत ख्रिस्तजन्म गाण्याची रीत फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून आपल्या ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधीच मराठी ओवीत तो गोठा आणि ती गव्हाण येऊन गेली होती.

नगरकडच्या असल्यामुळे सिस्टरांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी तोंडपाठ होती. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, तेव्हा चर्चमध्ये विलायती चालींची भाषांतरं जास्त असायची. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तिथे अभंग आणला, ओवी आणली, कीर्तन आणलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरं राहिलं, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र मी हॉस्टेलच्या कपाटातून घेऊन वाचलं. नवऱ्याने धर्म बदलल्यावर झालेली त्यांची तगमग वाचताना मला आईचं बोलणं आठवत होतं.

पहिल्याच सुट्टीत मी घरी आले. संक्रांत जवळ आली होती, रानात हुरडा चालू होता. रात्री जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "तिथे काय गाणी शिकवत्यात म्हणे, म्हण की एखादं." आई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मी टिळकांची अभंगाच्या चालीतली एक रचना म्हटली. दुसऱ्या कडव्याला आबांनी खुंटीवरचे टाळ काढले. संपल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाचा हा अभंग?" मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चाल इठोबाच्या दारातलीच हाय. माणूस मोठा असणार." मग मी पाळणा म्हटला. त्या वेळी आई हात पुसत आली आणि माझ्याजवळ बसली. तिने विचारलं, "त्या बाईचं बाळंतपण कुणी केलं?" मी म्हणाले, "बायबलात लिहिलेलं नाही." आई म्हणाली, "कुणी तरी असणारच. गाव तेवढं होतं, एखादी म्हातारी धावली असणार." आईचं ते वाक्य मी विसरले नाही. तिने त्या गोष्टीत एका सुईणीला जागा करून दिली, आणि देव सोडण्याची भीती त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी काढली नाही.

शिक्षण संपलं, सरकारी नोकरी लागली आणि मी आमच्याच जिल्ह्यात आले. आजचं धाराशिव तेव्हा उस्मानाबाद होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. तामलवाडीत भांडी पडली, माणसं रस्त्यावर आली. उजाडल्यावर कळलं, की किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यात गावंच्या गावं दगडमातीखाली गेली आहेत. सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्हा नर्सना तिकडे पाठवलं. डिसेंबरातही माणसं पत्र्याच्या शेडांत राहत होती. दिवसा पत्रा तापायचा, रात्री गार पडायचा.

त्या वर्षी २४ तारखेला मी सास्तूरकडच्या एका शेडमध्ये ड्यूटीवर होते. माझ्यासमोर एक बाई होती, जिची दोन मुलं घराच्या भिंतीखाली गेली होती. ती वाचली तेव्हा पोटात तिसरं होतं, आणि आता तिचे दिवस भरत आले होते. तिला झोप येत नव्हती. ती म्हणाली, "सिस्टर, काहीतरी बोला. आवाज पाहिजे, नाहीतर मला तो गडगडाट ऐकू येतो." मला काय बोलावं ते सुचेना. सांत्वनाचे सगळे शब्द तिथे वापरून संपले होते. मी ‘सायलेंट नाइट’ची चाल गुणगुणू लागले. शब्द मुद्दाम घेतले नाहीत. शांत रात्र हे शब्द त्या ठिकाणी मला उच्चारवेनात. दादऱ्याचा तो झोका तेवढा बराच वेळ चालू ठेवला. शेजारच्या दोन-तीन बायका सरकून जवळ आल्या. पहाटेकडे तिला डोळा लागला. जानेवारीत तिला मुलगा झाला, हे मला नंतर कळलं. ते गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा युरोपही मोठ्या लढायांतून आणि दुष्काळातून नुकता बाहेर येत होता, असं पुढे वाचलं तेव्हा मला ते शेड आठवलं. सुखात असलेल्या माणसांनी रचलेलं ते गाणं नसावं, असं मला त्या रात्रीच वाटलं होतं.

मेंढपाळांची गाणी मी नंतर जास्त समजून म्हणू लागले. डिसेंबरात आमच्या भागात धनगरांचे वाडे रानात उतरलेले असतात. शेतकरी खतासाठी मेंढरं बसवून घेतात. उघड्यावर, जाळ्यांच्या आत मेंढरं, बाहेर शेकोटी, कुत्री आणि आळीपाळीने जागणारी माणसं. पोलिओचा डोस द्यायला मी अशा वाड्यांवर गेले आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळ जन्मल्याची बातमी पहिल्यांदा राजाला जात नाही, पुजाऱ्याला जात नाही, रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांना मिळते. आमच्याकडेही रात्री अडलेल्या बाईची खबर कित्येकदा मला धनगरांकडूनच मिळाली, कारण त्या वेळी जागे तेच असायचे. एकदा अशाच एका वाड्यावर मी ही गोष्ट सांगितली, तर तिथली आजी म्हणाली, "मग आम्हीच की ते!" आणि तिने बसल्याजागी मला धनगरी ओवी ऐकवली.

आता ज्या रात्रीमुळे ही सगळी गाणी माझ्यात मुरली, ती सांगते. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली. ही त्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, वर लेकरं, मागे बैलं. सोलापूरकडच्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्या याच रस्त्यावरून जाताना मी लहानपणापासून पाहिल्या. त्यांतल्या कित्येक बायका पोटुशा असतात. कोपीत, उसाच्या फडात, पाचटावर बाळंत झालेल्या बायकांबद्दल मी ऐकलं आणि तशा बायका तपासल्याही.

नाताळच्या आदल्या रात्री अकरा-साडेअकराला दवाखान्याचं दार वाजलं. एक कारखाना लवकर थांबला म्हणून दुसरीकडे निघालेली टोळी होती. ट्रॉलीतच एकीच्या कळा सुरू झाल्या होत्या. वाटेत दोन ठिकाणी त्यांनी विचारलं होतं, कोणी थांबवून घेतलं नाही. मुकादमाला पुढे जायची घाई होती. नवरा हात जोडून म्हणाला, "बाई, जागा द्या हो नुसती." त्याचे हात उसाच्या पात्याने चिरलेले होते.

जागा होती. टेबल होतं, पाणी उकळलेलं होतं, आणि मी होते. तिसरी खेप असूनही तिला भीती होती, कारण दुसरं मूल फडात जन्मून दगावलं होतं. रात्री दोनच्या पुढे मुलगी झाली. खणखणीत रडली. मी नाळ बांधली, तिला पुसलं आणि जुन्या मऊ लुगड्याच्या बाळंत्यात गुंडाळून आईच्या छातीशी दिलं. वार पडेपर्यंत थांबायचं होतं, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप पाळणा सुरू झाला. तो मिरजेत शिकलेला. बाहेर शेकोटीपाशी बसलेल्या टोळीतल्या दोघी बायका दारात आल्या. एकीने विचारलं, "कुणाचा पाळणा हाय हा, बाई?" मी म्हणाले, "असाच वाटेत जन्मलेल्या एका लेकराचा." तिने पुढे काही विचारलं नाही. तिने तिच्या गावाकडचा कृष्णाचा पाळणा धरला, आणि मी तिच्यामागे म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाशी भांडून तिला ठेवून घेतलं. बीसीजी आणि पोलिओचा डोस दिला, कार्ड लिहून दिलं. कारखान्याजवळच्या केंद्रात दाखव, म्हणून चिठ्ठी दिली. त्यापलीकडे तिला थांबवणं माझ्या हातात नव्हतं. बाळंतिणीने सव्वा महिना विश्रांती घ्यावी, हे सांगताना मला ठाऊक होतं, की आठवड्याच्या आत ती मोळ्या बांधत असेल. नाताळचं गाणं म्हटलं की मला ती आई आठवते. त्या गाण्यांतला आनंद खरा आहे, पण त्यामागे एका बाईला रात्री कोणी दार उघडलं नव्हतं, हेही खरं आहे. दोन्ही एकत्र धरल्याशिवाय ते गाणं पुरं होत नाही.

आता नातवंडांच्या पिढीत नाताळ तामलवाडीत आला आहे. इंग्रजी शाळेत लाल टोप्या घालून मुलं ‘जिंगल बेल्स’वर नाचतात. काही जाणती माणसं नाक मुरडतात, मला मात्र ते गाणं आवडतं. जेम्स पियरपॉन्ट यांचं ते गाणं १८५७ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. त्यात नाताळाचा उल्लेखसुद्धा नाही. बर्फावरून घसरत जाणारी एका घोड्याची गाडी आणि घोड्याच्या गळ्यातल्या घंटा, एवढंच त्यात आहे. नातवाने विचारलं, "आजी, घोड्याला घंटा कशाला?" मी त्याला संध्याकाळी रस्त्यावर नेलं. उसाच्या बैलगाड्या घुंगुरमाळा वाजवत चालल्या होत्या. अंधारात समोरच्याला कळावं म्हणून आवाज लागतो, हे त्याला लगेच समजलं. त्यानंतर तो ते गाणं जास्त जोरात म्हणू लागला.

आमच्या गावच्या दोन मुली सध्या नर्सिंग शिकतात. डिसेंबरच्या सुट्टीत त्या माझ्याकडे येतात. त्यांना मी टाके, इंजेक्शन शिकवत नाही, ते त्यांचं कॉलेज शिकवतं. मी त्यांना पाळणे शिकवते. रामाचा, कृष्णाचा, येशूचा, ज्या आईला जो ओळखीचा वाटेल तो. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या विश्वासाचं माणूस असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे, आणि त्याच्या आदल्या वर्षी आपल्या सरकारने सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिगृहात सोबतीण ठेवायला सांगितलं आहे. मिरजेच्या सिस्टरांनी मेणबत्ती हातात देऊन आम्हाला हेच शिकवलं होतं. पण गर्दीच्या दवाखान्यात सोबतीण आत येऊ शकत नाही, टोळीतल्या बाईची आई शंभर कोसांवर असते, आणि रात्रपाळीची नर्स एकटी असते. तेव्हा ती सोबत नर्सलाच व्हावं लागतं, आणि तिच्याजवळ स्वतःचा आवाज तेवढा असतो. तो बाईला दरडावण्यासाठी वापरायचा की धीर देण्यासाठी, हे प्रत्येक नर्स दर रात्री ठरवते. या मुलींनी गाणं निवडावं, म्हणून मी त्यांना ही सगळी गाणी देते आहे.